कांद्याच्या चाळीतले कॅमेरे

ज्या सकाळी आमच्या कारखान्यात सगळ्यांनी उजवा हात पुढं करून सुरक्षेची शपथ घेतली, त्याच सकाळी मागच्या गेटनं एक टेम्पो बाहेर पडला. त्याच्या गेटपासवर सही माझी होती.

मी कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. शिरूरहून रोज स्कूटरवर येते. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, मग तो वॉशर असो की जुनं कपाट, माझ्या टेबलावरच्या कागदावरून जाते. डब्याच्या सुट्टीत मी पुस्तक वाचते, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. वाचणाऱ्या माणसाला कारखान्यात शिक्षा म्हणून घोषवाक्य स्पर्धेचा परीक्षक करतात. त्या वर्षीही मला केलं होतं. बहुतेक घोषवाक्यांत सुरक्षेचं यमक परीक्षेशी जुळवलेलं होतं आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं होती.

सुरक्षा सप्ताहाला मोठे पाहुणे येणार होते. ते ज्या जुन्या ऑफिसातून चालत जाणार, तिथलं छत कळकट दिसतं असा शोध आदल्या महिन्यात लागला. मग खोटं छत उतरवलं, नवीन बसवलं, भिंती रंगवल्या. उतरवलेल्या सामानाचा मागच्या शेडमध्ये ढीग झाला. पत्र्याच्या पट्ट्या, फुटलेल्या ट्यूबलाइटच्या पेट्या, दोन पंखे, आणि एका पोत्यात पांढऱ्या गोल प्लॅस्टिकच्या चकत्या. धूर आला की कोकलणाऱ्या. खालून बशीएवढ्या दिसायच्या, मध्ये एक लाल ठिपका. वीस वर्षं मी त्यांच्या खाली बसले होते, पण त्या कधी कोकलल्या नव्हत्या, त्यामुळे आमची ओळख नव्हती.

गेटपासवर एक रकाना असतो. घातक की घातक नाही. ऑइलचे रिकामे ड्रम, रंगाचे डबे, बॅटऱ्या असल्या तर मी 'घातक'वर खूण करते. बाकी सगळं जग 'घातक नाही'मध्ये जातं. त्या दिवशी पोत्यातली एक चकती मी हातात घेतली होती, हे मला नीट आठवतं. उलटी केली. मागं धुळीनं माखलेला कागद चिकटवलेला होता, आणि धुळीतून एक गोल आणि तीन पाती दिसत होती.

"ये क्या है?" मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं.

"पंखे का निशान है, मॅडम," तो म्हणाला. "हवा पास होता है ना इसमें."

पटलं मला. पाती होती, म्हणजे पंखा. पुस्तक विकत घेताना मलपृष्ठावरचा बारकातला बारका मजकूर वाचणारी मी, त्या कागदावरून अंगठा फिरवला असता तर खालचा मजकूर दिसला असता. फिरवला नाही. 'मिश्र प्लॅस्टिक, घातक नाही' असं लिहिलं आणि सही केली. तिकडं मैदानावर माइकवरून शपथेची वाक्यं एकेक करून येत होती, आणि टेम्पोत बसलेल्या चाचांनी मला हात केला.

चाचा म्हणजे आमच्याकडचं भंगार नेणारे. केडगावला स्टेशनच्या अलीकडं त्यांचं घर आणि घरापुढंच भंगाराचं आवार. त्यांच्या किती पिढ्या केडगावात झाल्या हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. आमच्या साहेब लोकांपेक्षा त्यांचं मराठी चांगलं, आणि बोलणं कितीतरी मोकळं.

तीन आठवड्यांनी नव्या आगसूचक यंत्रणेच्या कंपनीचा एक तरुण इंजिनियर हातात फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, जुने स्मोक डिटेक्टर कुठं ठेवलेत?"

"कुठं म्हणजे? भंगारात गेले."

त्यानं फाइल टेबलावर ठेवली. मग परत उचलली. "सगळे?"

"स्विचरूममधला एक राहिलाय. ठेकेदाराची शिडी तिथं मावली नाही म्हणून."

त्यानं खुर्चीवर स्टूल ठेवून तो राहिलेला काढला, रुमालानं पुसला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. पिवळ्या कागदावर तीन पाती होती. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आत किरणोत्सारी पदार्थ आहे आणि वापर संपल्यावर बनवणाऱ्याकडं परत पाठवावं.

"जुन्या पद्धतीचे आहेत," तो म्हणाला. "चोवीस होते, माझ्याकडं यादी आहे. आत मधोमध जाळीची पत्र्याची डबी असते, तिच्यात अमेरिशियम असतं, तोच किरणोत्सारी पदार्थ. टाचणीच्या डोक्याहूनही कमी. त्याच्यामुळंच धूर कळतो."

"एवढंसं काय करणार?"

"छताला आहे तोवर काहीच नाही. बंद आहे तोवर काहीच नाही."

"आणि उघडला तर?"

"कोण कशाला उघडेल, मॅडम?"

तो पुण्याचा होता आणि भंगाराचं आवार त्यानं बहुतेक पाहिलं नसावं. भंगाराचा धंदाच उघडण्याचा आहे. प्लॅस्टिक वेगळं, तांबं वेगळं, लोखंड वेगळं. न उघडलेली वस्तू तिथं एक दिवस टिकत नाही.

मी चाचांना फोन लावला. पलीकडं हातोड्यांचा आवाज होता.

"चाचा, मागच्या खेपेला पांढऱ्या गोल चकत्या नेल्या होत्या ना?"

"त्या व्हय!" चाचा हसायला लागले. "त्याचे तर क्यामेरे झाले की, मॅडम."

"काय झाले?"

"क्यामेरे. औंदा कांद्याच्या चोऱ्या लई वाढल्यात. तुमच्या छताच्या पट्ट्या नेल्या ना लोकांनी चाळीला, त्यांना म्हनलं, घ्या, ह्यो एक क्यामेरा फुकट. वर टांगा, लांबून कुनाला कळतंय! आमच्या सूनबाईनं आत लाल दिवाबी बसवून दिलाय, लुकलुकतो. मागनी वाढलीया, पन माल संपला."

"कुठं कुठं दिले?"

"निमोण्यात सगळ्यात जास्त. मेंढरंवाले आबा हायेत ना ओढ्याकडचे, त्यांनीच चार नेले. का वं?"

"चाचा, कुणी त्याला हात लावू नका. मी येते."

"क्यामेऱ्याला हात कोन लावतंय? लांबनंच रामराम घालत्यात."

मी सुरक्षा अधिकाऱ्यांकडं गेले. त्यांच्या खोलीत शपथेचा फलक अजून भिंतीला टेकून उभा होता. सगळं ऐकून ते उठले, दार लावलं आणि म्हणाले, "मॅडम, हे कुठं लिहू नका. मेल तर अजिबात नको."

"मला गाडी हवीय. निमोण्याला जायला."

"गाडीच्या फॉर्मवर कारण काय लिहिणार?"

एवढा सुरक्षित प्रश्न त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी स्कूटरची किल्ली घेतली.

इंजिनियर मोजण्याचं यंत्र आणायला पुण्याला निघाला होता, ते उद्याच मिळणार होतं. त्यानं मला गेटपाशी गाठून रबरी हातमोजे आणि जाड पिशव्या दिल्या. "उघडू नका. तोंडाजवळ नेऊ नका. हात धुवा. खरं सांगायचं तर, अंगाबाहेर असेल तर त्याचे किरण साध्या कागदानंही अडतात. पोटात किंवा छातीत गेलं तरच प्रश्न."

"का?"

"कागद आत नेता येत नाही ना, मॅडम."

त्याला विनोद करायचा नव्हता. सबंध रस्ता ते वाक्य माझ्या स्कूटरच्या मागं बसून आलं.

एप्रिलचं ऊन होतं. निमोण्यात कांदे चाळीत भरायचं काम चालू होतं. आबांची चाळ ओढ्याच्या कडेला, शेजारी काट्यांच्या कुंपणात दहा-बारा मेंढरांचा वाडगा. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे. आबा आता कांदा करतात आणि सवय म्हणून मेंढरं ठेवतात. डोक्याला पिवळं मुंडासं, हातात काठी. चाळीच्या चारी कोपऱ्यांत आमच्या ऑफिसच्या छतावरच्या चकत्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीत लाल दिवा लुकलुकत होता. चाचांचं खोटं नव्हतं. मी स्वतः त्या कॅमेऱ्यांसमोर उभी राहताना पदर सारखा केला.

"आबा, हे काढावे लागतील. कारखान्याची चूक झालीय."

"काढाया आलात व्हय?" आबांनी मला खालवर बघितलं. "मंग चोर कोन म्हनायचं, सांगा बरं. ह्ये टांगल्यापासनं एक कांदा गेला न्हाई."

"आत एक वाईट वस्तू आहे, आबा. अंगाला बरी नाही."

"अंगाला कांदाबी बरा न्हाई म्हनत्यात डाक्टर लोक." मग ते जरा थांबले. "कसली वस्तू?"

किरणोत्सार हा शब्द मी वापरून पाहिला. आबा ऐकत होते, पण तो शब्द त्यांच्या मुंडाशापर्यंत पोहोचून तिथंच राहिला. मग मी म्हणाले, "अणुबॉम्बमध्ये असतं ना, त्याच्या जातीचं. अगदी थोडं."

हे मी बोलायला नको होतं. वाडग्यापाशी बसलेल्या त्यांच्या कारभारणीनं तोंडाला पदर लावला आणि त्या मेंढरं चाळीपासून लांब हाकायला लागल्या. आबा मात्र जागचे हलले नाहीत. "आन् ह्ये तुमी आमाला फुकट दिलं?"

मी मोजे घातले, पालथ्या पाटीवर चढले आणि पहिला कॅमेरा काढला. हातात घेतला आणि तो फार हलका वाटला. शेडमध्ये हातात घेतलेली चकती वजनाला भरीव होती. झाकणाचे स्क्रू सैल होते, एका वेढ्यात निघाले. उघडू नका असं बजावलेलं असूनही मी उघडला.

आत एक पेन्सिल सेल होता. एक लाल दिवा, दोन तारा, इतक्या नीटस जोडलेल्या की आमच्या मेंटेनन्सच्या माणसांना दाखवाव्यात. आणि काही नव्हतं. मध्ये जिथं जाळीची पत्र्याची डबी असायला हवी, तिथं मोकळी जागा होती. दुसरा उघडला. तोही तसाच. तिसरा, चौथा, तेच.

"गेलं का वाईट?" आबांनी विचारलं.

"इथं नाहीच ते, आबा. तुमचे कॅमेरे चांगले आहेत. ठेवा टांगून."

"मंग कुठं गेलं?"

सेल बसवायला जागा लागते. जागा करायला मधली डबी काढावी लागते. आणि डबी पत्र्याची असते. पत्रा भंगारवाल्याच्या घरात कुणी टाकून देत नाही. चाचांनी फोनवर सांगितलं होतं की दिवे सूनबाईनं बसवले. फेब्रुवारीत आवारात गेले होते तेव्हा चाचांनी मला पेढा दिला होता, नातवंड होणार म्हणून.

निमोण्याहून न्हावऱ्याकडून केडगावला जाणारा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी त्यातलं मला फक्त पारगावचा पूल आठवतो, तोही कारण उसाचा एक ट्रॅक्टर पुलावर बंद पडला होता आणि मला थांबावं लागलं. थांबल्यावर मी हिशेब केला. चौथ्या-पाचव्या महिन्यात पेढा, म्हणजे आता सातवा. खाली भीमेत पाणी थोडं होतं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गाणं लावून बसला होता आणि मला त्याचा इतका राग आला की मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

आवारात पोहोचले तेव्हा चाचा घरात नमाजाला गेले होते. त्यांची सून पत्र्याच्या शेडखाली कामाच्या टेबलाशी बसली होती. दौंडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, गावातले मिक्सर, चार्जर, पंखे तिच्याकडंच येतात. त्या वेळी तिच्यापुढं कुणाचातरी रेडिओ उघडा पडला होता. दोन्ही हात कामात होते, म्हणून काढलेले स्क्रू तिनं ओठांत धरले होते, शिंपी टाचण्या धरतात तसे. सुजलेले पाय वर घ्यायचे म्हणून तिनं ते टेबलाखालच्या तेलाच्या चौकोनी डब्यावर ठेवले होते.

मला पाहून तिनं स्क्रू तळहातावर काढून घेतले. "मॅडम! या की. अब्बा नमाजला गेलेत."

"अगं, त्या पांढऱ्या चकत्या... त्यातल्या मधल्या डब्या कुठं आहेत?"

"हायेत की." तिनं पाय काढून घेतले आणि डब्याकडं बोट केलं. "स्टीलच्या ढिगात घालनार व्हते, पन लई बारीक हायेत. सोनारकाम झालं असतं."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. ती उभी राहिली.

"काय झालं?"

"आधी बाजूला ये. हात धू. साबणानं."

"काय झालं ते सांगा मंग धुते."

मी सांगितलं. अणुबॉम्बचा उल्लेख या वेळी केला नाही. तिला त्याची गरजही नव्हती. तिसऱ्या वाक्यालाच तिचा हात पोटावर गेला. मग ती नळाशी गेली आणि खूप वेळ हात धूत राहिली. परत आली ती ओला हात ओठांवर धरून.

"ते स्क्रू म्या तोंडात धरले व्हते. समद्या तेवीसचे."

तिनं ओढणीच्या टोकानं ओठ पुसले.

"आन् एकात पिवळं चमकत व्हतं. मला वाटलं सोनं हाय. ब्लेडनं खरवडून बघितलं." ती थांबली. "फुंकरबी मारली."

हे सगळं ती एखाद्या रिपेअरीतली चूक शोधावी तसं सांगत होती, क्रमानं, काही न गाळता. चाचा बाहेर आले, टोपी काढत. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि टोपी परत घातली.

"चाचा, त्याच्यावर चिन्ह होतं," मी म्हणाले. "मला वाचता आलं असतं. मी वाचलं नाही आणि सही केली."

"सही तुमची व्हती?" सुनेनं विचारलं.

"माझी."

तिनं मान हलवली, जसं काही एका तारेचं दुसरं टोक सापडलं. चाचा म्हणाले, "अगं, मॅडमनी मुद्दाम केलं का?" ती म्हणाली, "अब्बा, मुद्दाम केलं आसतं तर बरं झालं आसतं. कुनावर तरी वरडता आलं आसतं."

डबा कसा हलवायचा ते इंजिनियरनं फोनवर सांगितलं. चाचांनी दोन लांब सळ्यांनी तो कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेला आणि वर लोखंडी घमेलं पालथं घातलं. सूनबाईची चुलतसासू तेवढ्यात शेजारून आली, काय झालं म्हणून. कुणीच धड सांगेना, तेव्हा त्यांनीच ठरवलं की डब्यात साप आहे. आम्ही तसंच राहू दिलं. सापापासून लोक लांब राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर यंत्र घेऊन आला. पिवळी पेटी, त्याला वायरीनं जोडलेली एक दांडी. दांडी डब्यापाशी नेली की पेटी टिकटिकायला लागायची, लांब नेली की अडखळत थांबायची. डब्यात तेवीस डब्या भरल्या, सगळ्या. एकीचं आतलं पिवळं पान खरवडलेलं होतं. मग त्यानं टेबल मोजलं, ब्लेड, स्टूल, तिच्या ओढणीचं टोक. टेबलाच्या एका कोपऱ्यावर पेटी जरा बोलली. त्यानं तो कोपरा ओल्या कापडानं पुसला, कापड पिशवीत घातलं, परत मोजलं. मग कोपराच करवतीनं कापून घेतला.

शेवटी तिचे हात. मग तिच्या ओठांपुढं दांडी धरली. ती डोळे मिटून उभी होती आणि मी पेटीकडं बघत होते. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक.

"हे हवेतलं असतं," इंजिनियर घाईघाईनं म्हणाला. "सगळीकडं असतं. हे माझ्यापुढं धरलं तरी वाजेल." त्यानं स्वतःपुढं धरलं. टिक. मग माझ्यापुढं धरायला लागला. मी नको म्हणाले.

पोटात काही गेलंय का ते त्या यंत्राला कळत नव्हतं. त्यासाठी लघवीचा नमुना मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. खर्च कारखान्यानं केला. त्यासाठी मला लेखी द्यावं लागलं, आणि मी लिहिलं, मेलवर, सगळ्यांना. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मग समिती नेमली. समितीच्या अहवालात लिहिलं होतं की सदर साहित्य अनवधानाने बाहेर गेले. वाचताना वाटावं, चकत्यांनी स्वतःच पोतं उघडून कुंपणावरून उड्या मारल्या. डब्या आणि कापलेला कोपरा मात्र नियमाप्रमाणं सीलबंद होऊन परत गेले. तेवढं काम त्या इंजिनियरनं बिनभाषणाचं केलं.

नमुन्याचं उत्तर यायला एक महिना लागला. त्या महिन्यात मी वाचनालयातून आणि मोबाइलवर मिळेल ते वाचलं. सगळी पुस्तकं मला एकच सांगत होती. मात्रा नगण्य आहे, गिळलं तरी बहुतेक बाहेर पडतं, बाळाला धोका जवळजवळ नाही. मी 'बहुतेक' आणि 'जवळजवळ' या शब्दांपाशी येऊन थांबत होते. आयुष्यभर वाचताना ज्या शब्दांवरून मी सरळ पुढं गेले, ते आता रस्त्यातल्या दगडांसारखे लागत होते. हेही वाचलं, की तो पदार्थ निम्मा व्हायला चारशेहून जास्त वर्षं लागतात. ते मी चाचांना सांगितलं नाही.

दर चार दिवसांनी मी केडगावला फोन करायची. काहीतरी कारण काढून. एकदा सूनबाईनंच उचलला.

"मॅडम, तुमी आसं इचारू नका, चाचा कसे हायेत. माझंच इचारा."

"कशी आहेस?"

"लाथा मारतंय," ती म्हणाली. "आज सकाळपासनं जरा कमी."

दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला. लाथा वाढल्या होत्या.

उत्तर आलं ते इंग्रजीत, अर्ध्या पानाचं. मी ते घेऊन गेले. तोवर आठवा सरत आला होता, ती टेबलाशी बसत नव्हती. घरात पलंगावर बसून कुणाचातरी चार्जर नुसता हातात फिरवत होती.

"वाचा," ती म्हणाली. "पुरतं वाचा."

मी सगळं वाचलं, नमुना क्रमांकापासून. शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं: "मोजता येण्याच्या मर्यादेच्या खाली."

"म्हंजी हाय का न्हाई?"

"म्हणजे असलं तरी त्यांच्या यंत्राला दिसणार नाही इतकं कमी."

"म्या इचारलं, हाय का न्हाई."

चाचा दारात उभे होते. माझ्या जागी सुरक्षा अधिकारी असते तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं असतं, आणि ते बहुधा खरंही ठरलं असतं. मी म्हणाले, "नसावं. पण 'नाही' असं त्यांनी लिहिलेलं नाही."

तिनं तो कागद मागून घेतला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. चाचांच्या घरात मला त्या दिवशी पहिल्यांदाच चहा विचारायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

बाळंतपणाला ती माहेरी गेली, दौंडला, रेल्वेलाइनच्या पलीकडं. जूनमध्ये चाचांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी चांगल्या. मी दहा-बारा दिवस गेले नाही. जाणं योग्य की न जाणं, हे मला ठरवता येईना. मग एका रविवारी गेले, एक झबलं घेऊन. नेल्यावर कळलं की ते वर्षाच्या मुलाचं आहे.

सूनबाई भिंतीला उशी लावून बसली होती. चेहरा उतरला होता, पण डोळे तसेच, शोधणारे. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलेलंच माझ्या मांडीवर दिलं आणि पाणी प्यायला तांब्या उचलला.

बाळ झोपलेलं होतं. केस दाट. श्वास घेताना नाकपुडी हलत होती. मी दुपट्याची एक घडी सोडली, उकडतंय म्हणून. मग दुसरी. उजवी मूठ हळूच उघडली. डावी उघडली. दुपटं पायाकडून जरा वर केलं. बाळानं पाय आखडून घेतला, तो मी दोन बोटांत धरून सरळ केला. मी हे अगदी सहज करत होते, असं मला वाटत होतं.

"किती भरली?" सूनबाईनं विचारलं.

तांब्या तिच्या हातात तसाच होता. ती कधीपासून बघत होती कोण जाणे.

"वीस," मी म्हणाले.

"माझीबी वीसच भरली. सकाळी." ती पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं. "आमी रोज मोजतो. अम्मी म्हनती, येडी झालीस का, बोटं काय राती गळून पडत्यात? पन मोजल्याबिगर मला घास जात न्हाई. बोटं झाली. आता ऐकू येतंय का ते बघती. मंग नजर. मंग चालायचं, मंग बोलायचं." ती माझ्याकडं वळली. रागानं नाही; ज्याला माहीत असेल अशा माणसाला विचारावं तसं. "कवापातुर मोजायचं वं, मॅडम?"

मी बाळाच्या पायावरून दुपटं खाली ओढलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि हात पुढं केले. मी बाळ तिला दिलं.